चौथ्या रंगाची बोली

करुणा सोयगावकडच्या एका वाडीवरची. बाप मुंजाबा मेंढरं राखायचा. आठ महिने बिऱ्हाड पाठीवर आणि चार महिने घरी, असं त्यांचं वर्ष. बारावीला तालुक्यात गणितात पहिली आली तेव्हा मुंजाबानं तिला एसटीत बसवून शहरात आणलं आणि कॉलेजच्या पायरीवर उभं राहून जो पहिला मास्तर दिसला त्याला सांगितलं, "लेकराला हिसाब लई येतो. पर ऱ्हायला जागा नाय."

तो मास्तर म्हणजे कारभारी सर. गणित शिकवायचे. त्यांनी तिला थेट ज्योतीनगरला स्वतःच्या घरी नेलं. बायको आशाबाईंनी मुलगी विशाखाच्या खोलीत दुसरी खाट टाकली. दोन वर्षं करुणा तिथं जेवली, तिथं झोपली, तिथं अभ्यास केला. रविवारी सरांकडं ब्रिजचा डाव बसायचा. एकदा चौथा गडी आला नाही, तर सरांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं हाक मारली, "करुणा, इकडं ये. तेरा पानं हातात धरता येतात ना? बाकीचं मी सांगतो."

आता करुणा चव्वेचाळीसची होती. एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवत होती, सिडकोत तिचं घर होतं, नवरा वाळूजला कंपनीत होता. सर चौऱ्याहत्तरचे. सरांचा जुना जोडीदार वारल्यावर गेली सात वर्षं त्यांच्यासमोर करुणाच बसत होती, दर बुधवारी संध्याकाळी, निराला बाजाराजवळच्या क्लबाच्या हॉलमध्ये. शहरात ब्रिज खेळणारे असून असून तीस-चाळीस. त्यात ही जोडी वरच्या पाचांत धरली जायची.

ज्यांनी ब्रिज कधी खेळला नाही त्यांना एवढं सांगितलं म्हणजे पुरे, की त्यात पानं खेळायच्या आधी बोली असते आणि खरा खेळ तिथंच असतो. जोडीदार समोरासमोर बसतात. तोंडानं काही बोलायचं नाही, डोळ्यानं खुणवायचं नाही. समोरच्या डब्यातली बोलीची कार्डं काढून टेबलावर ठेवायची आणि त्यातून एकमेकांना सांगायचं की माझ्याकडं काय आहे. पहिला गडी बोली उघडतो, समोरचा उत्तर देतो, पहिला पुन्हा बोलतो. आणि मग येते उत्तर देणाऱ्याची दुसरी बोली. सर नेहमी म्हणायचे, "डाव इथं ठरतो. पहिलं उत्तर कुणीही देतं. दुसऱ्या बोलीला डोकं लागतं. थांबायचं, वाढवायचं, का अजून विचारायचं? तीनच वाटा. चुकीची धरली की गेला डाव."

यातल्या 'अजून विचारायच्या' वाटेला एक खास बोली होती. दोघांनी मिळून तीन रंग सांगून झाले आणि उत्तर देणाऱ्यानं चौथा रंग बोलला, तर तो रंग त्याच्याकडं आहे असा अर्थ नसतो. तो प्रश्न असतो: 'माझा हात भारी आहे, तू अजून सांग, आणि इथं थांबू नको.' त्यावर पास म्हणायचंच नाही. ही बोली करुणाला सरांनीच शिकवली होती, जेवणाच्या टेबलावर, शेंगदाण्याचे चार ढीग करून.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी सरांनी एक चौकटनं बोली उघडली. करुणा एक बदाम म्हणाली. सर एक इस्पिक. करुणाकडं एक्का-राजा-राणी-गुलाम यांचे मिळून तेरा गुण होते, पाच बदाम, चौकटला चांगली साथ, पण किलवरची तीन फालतू पानं. डोळे मिटून सुटणारा हात होता. तिनं चौथा रंग बोलला, दोन किलवर.

सरांनी पास केला.

करुणाला वाटलं कार्ड चुकून बाहेर आलं. पण सर शांतपणे पानं टेबलावर मांडत होते. दोघांकडं मिळून पाच किलवर आणि हुकूम किलवर! चार हात कमी पडले. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

"सर, ते दोन किलवर..." करुणा हळूच म्हणाली.

"काय झालं? तुझ्याकडं किलवर भरपूर असतील असं वाटलं मला," सर म्हणाले. आवाजात कसला संकोच नव्हता. जशी काही ही बोली जगात कधी नव्हतीच.

त्या बुधवारी ती सरांना घरी सोडायला गेली तेव्हा आशाबाईंनी तिला आत बोलावलं. मेथी निवडत बसल्या होत्या. सर कपडे बदलायला गेल्यावर खाली मानेनंच बोलल्या, "तुला बी दिसलं ना?"

"काय काकू?"

"सोमवारी दुधाच्या दोन पिशव्या घेऊन आले. ठेवल्या अन् परत गेले. परत दोन. तिसऱ्यांदा निघाले तवा मी दार लावून घेतलं. म्हटलं, पायात गोळा आलाय, जाऊ नका." त्यांनी मेथीची जुडी बाजूला सारली. "करुणे, कुणाला बोलू नकोस. विशाखाला तर मुळीच नाय. ती उचलून नेईल पुण्याला, अकराव्या मजल्यावर. मला नाय जायचं. अन् त्यांना बी बोलू नकोस. पत्ते तेवढे राहिलेत त्यांना. ते सुटलं की माणूस खचतं बघ. तुला माझी शपथ आहे."

ज्या हातांनी तिला दोन वर्षं गरम भाकरी वाढली, त्या हातांनी तिचा हात धरला होता. करुणा "बरं काकू" म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

तिथून ती अडकली.

सर बोली उघडायचे, ती उत्तर द्यायची, सर पुन्हा बोलायचे, आणि दुसऱ्या बोलीची वेळ आली की तिचं बोट डब्यावरच अडायचं. बरोबर बोली कुठली हे तिला दिसत असायचं. पण ती बोलली की सर पास म्हणणार आणि सगळ्यांना कळणार. म्हणून तिनं तो प्रश्न विचारणंच बंद केलं. हातात तेरा-चौदा गुण असले की अंदाजानं थेट तीन नो ट्रंपवर, म्हणजे हुकमाशिवायच्या मोठ्या बोलीवर, उडी मारायची, किलवरला अडवणारं एकही पान नसताना. कधी निभायचं. कधी समोरचे पहिल्यापासून सहा किलवर ओढून घ्यायचे. अकरा गुणांचे नाजूक हात असले, की एक तर फाजील वर जायची नाहीतर खालीच थांबायची. ज्या बोलीचा सर चुकीचा अर्थ लावू शकतील अशी एकही बोली तिनं टेबलावर ठेवायची नाही, असा तिचा नियम झाला. महिन्याभरात तिच्याकडं चारपाचच कार्डं उरली. पूर्ण डबा समोर असून ती त्याच चारपाच कार्डांवर खेळायची.

क्लबात बोलणं सुरू झालं. "मॅडम आजकाल उड्या मारतात," असं कुणीतरी हसून म्हणालं. सर स्वतःच एकदा चिडले. "करुणा, तुला झालंय काय? उत्तर देणाऱ्यानं विचारायचं असतं. मी तुला शिकवलं नाय का?"

"शिकवलं सर. चुकलं माझं."

असं तिनं त्या हिवाळ्यात किती वेळा म्हटलं याची गणती नव्हती. नवरा म्हणाला, "जमत नाय म्हणून सांग की सरळ." सांगायचं कुणाला? सरांना सांगायचं नाही ही शपथ होती. खेळणं सोडावं तर सरांसमोर दुसरा कुणी बसणार आणि पहिल्याच डावात सगळं उघडं पडणार. त्यात शिवराजचा फोन आला. शिवराज वकील होता, लासूर स्टेशनच्या आडत व्यापाऱ्याचा मुलगा, क्लबातला सगळ्यात तयार खेळाडू. म्हणाला, "मॅडम, नागपूरच्या स्पर्धेला माझ्याबरोबर या. तुमच्यासारखं डोकं इथं वाया चाललंय." तिला जायचं होतं. "सर आहेत ना माझे," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्यापाशी तशीच उभी राहिली.

तोवर गोष्ट दुसऱ्या बाजूनंही बिघडली होती. आता उत्तर देणारे सर असले आणि त्यांची दुसरी बोली चौथ्या रंगाची आली, तर तो प्रश्न नसायचा. त्यांच्याकडं खरोखरच तो रंग असायचा. विचारलं तर तोंडानं मात्र सर या बोलीचा अर्थ घडाघडा म्हणून दाखवायचे. हातात पानं आली की तेवढं पुसलं जायचं.

ब्रिजमध्ये एक सक्त नियम आहे. जोडीदाराच्या बोलीचा अर्थ विरुद्ध बाजूनं विचारला तर तुम्ही जे जे जाणता ते सांगायचं, जोडीच्या ठरलेल्या बोलींच्या कार्डावर लिहिलेलंही आणि अनुभवानं कळलेलंही. लपवणं ही लबाडी. मार्चमध्ये जालन्याच्या एका जोडीनं विचारलं, "सरांच्या या दोन किलवरचा अर्थ?" करुणा म्हणाली, "प्रश्न आहे. किलवरशी संबंध नाही." पुढं करुणानं तीन नो ट्रंप खेळायला घेतलं, त्यांनी विश्वासानं किलवरचं पान उतरलं आणि ते थेट सरांच्या पाच किलवरांच्या तोंडात गेलं. डाव निघाला. जालन्याचे म्हातारे गृहस्थ हसले, "अहो, हे तर खरेच किलवर निघाले!" करुणाही हसली. घरी येऊन तिला जेवण गेलं नाही. चव्वेचाळीस वर्षांत तिनं परीक्षेत कुणाचं बघून लिहिलं नव्हतं, आणि आता भर हॉलमध्ये खोटं बोलून डाव जिंकली होती.

मे महिन्यात क्लबाची वार्षिक स्पर्धा होती. शनिवार दुपार. बाहेर रस्ता तापून निघाला होता, आत चार कूलर घरघरत होते आणि बाहेरगावचे मिळून बावीस टेबलं मांडली होती. पंच नागपूरहून आलेले. सर पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, खिशाला दोन पेनं.

सातव्या फेरीला त्यांच्या टेबलावर शिवराज आला, जोडीला श्रेया नावाची एक तरुण डॉक्टर. करुणाच्या उजव्या हाताला शिवराज बसला. पानं वाटून झाली. करुणानं एक चौकटनं उघडलं. सर एक बदाम. करुणा एक इस्पिक. सरांनी डब्यात बोट घातलं, जरा थांबले आणि दोन किलवरचं कार्ड काढून ठेवलं.

शिवराजची पाळी होती. त्यानं सहज विचारलं, "मॅडम, याचा अर्थ?"

करुणानं स्वतःच्या पानांकडं बघितलं. चौदा गुण, किलवरची तीन पानं. 'प्रश्न आहे' म्हटलं तर तिला पुढं दोन चौकट बोलावं लागणार. बदाम आणि किलवर घेऊन बसलेले सर तिथं फसणार, आणि शिवराजलाही खोटं सांगितल्यासारखं होणार. 'प्रश्न आहे' म्हणून वर पास केला तर उघड लबाडी. आणि खरं सांगितलं तर? सर समोर बसलेले, हातभर अंतरावर.

"मॅडम?"

समोर सर तिच्याकडं बघत होते. गणिताच्या तासाला फळ्याशी उभी असताना बघायचे तसेच, आता ही बरोबर सांगेल अशा नजरेनं.

"आमच्या कार्डावर हा प्रश्न आहे," करुणा म्हणाली. "किलवर असायची गरज नाही. पण..." ती थांबली. कूलरचा आवाज फार मोठा वाटला. "पण गेल्या सहा महिन्यांत सर ही बोली पाच वेळा बोलले. पाचही वेळा त्यांच्याकडं खरे किलवर होते. हात हलका होता. कार्डावरचा अर्थ त्यांना खेळताना आठवत नाही."

शिवराजनं मान खाली घातली. विचारल्याचा त्याला पश्चात्ताप झाल्याचं दिसत होतं. श्रेयानं आपली पानं नीट लावल्यासारखं केलं.

सरांनी आधी टेबलावरच्या दोन किलवरच्या कार्डाकडं पाहिलं, मग करुणाकडं. मग हातातली तेरा पानं एक एक करून उलटी न ठेवता उघडी मांडली, सगळ्यांना दिसतील अशी. बोली चालू असताना असं करायचं नसतं. चार बदाम, पाच किलवर, गुण जेमतेम सात.

"सहा महिने," सर म्हणाले.

"हो सर."

"पाच वेळा."

"हो."

"मोजत होतीस." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "अन् मला सांगितलं नाय. यांना सांगितलंस."

करुणाच्या तोंडाशी आलं, काकूंनी शपथ घातली होती. पण ते बोललं तर आशाबाईंना उघडं पाडल्यासारखं होतं. तोंड उघडून एक दार लोटलं होतं, तर आत दुसरं निघालं, तेही बंद.

पंच आले. त्यांनी तो हात रद्द केला आणि विरुद्ध जोडीला सरासरी गुण दिले. करुणाच्या स्पष्टीकरणाबद्दल विचारलं तेव्हा शिवराज घाईनं म्हणाला, "मॅडमनी एकदम बरोबर सांगितलं, पंचसाहेब. आमची काही तक्रार नाही." कारभारी सरांनी पेनं खिशात नीट खोचली आणि उठले. करुणा मागं गेली. उरलेल्या फेऱ्यांना त्यांचं टेबल रिकामं राहिलं.

करुणा सरांना घरी सोडायला निघाली. क्रांती चौकात लाल दिव्याला गाडी थांबली तेव्हा सरांनी समोर बघतच विचारलं, "आशाला माहितीये?"

करुणा दिव्याकडं बघत राहिली. आकडे उतरत होते, तेवीस, बावीस, एकवीस.

"समजलं," सर म्हणाले.

घरी पोचल्यावर ते सरळ आत गेले. आशाबाई दारात आल्या, करुणाच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि त्यांना सांगावं लागलं नाही. "शपथ घातली होती ना तुला?" त्या म्हणाल्या.

"काकू, खोटं बोलायला लागत होतं मला. दर बुधवारी."

"पत्त्यांत!" आशाबाईंचे डोळे भरले होते. "पत्त्यांत खोटं बोलायचं होतं बाई. कुणाच्या वावराचा बांध नव्हता कोरायचा." आणि त्यांनी दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. ते करुणाला जास्त लागलं.

पुढचे तीन आठवडे तिला कुणी फोन केला नाही. बुधवारी संध्याकाळ झाली की तिला कुठं बसावं कळेना. जिन्यात, गच्चीवर, पुन्हा आत. सुटका झाली असं वाटायला हवं होतं. शिवराजनं नागपूरचं पुन्हा विचारलं, तर ती "बघू" म्हणाली. आपण बरोबर वागलो हे तिला ठाऊक होतं. आपण सरांना भर सभेत नागडं केलं हेही ठाऊक होतं. कधी एक वर यायचं, कधी दुसरं.

चौथ्या आठवड्यात विशाखाचा फोन आला. बाबांनी स्वतःच तिला सगळं सांगितलं होतं, तपासण्या झाल्या होत्या, औषधं सुरू झाली होती. पुण्याला न्यायचं ठरलं होतं. "आई रडतीये. तू येऊन जा. शनिवारी निघतो आम्ही."

करुणा गेली तेव्हा हॉलमध्ये खोकी बांधून ठेवली होती. आशाबाईंनी तिच्यापुढं चहा ठेवला आणि काही न बोलता आत गेल्या. पण कपात आलं होतं, ते तिला आवडतं म्हणून घातलेलं. सर खुर्चीत बसले होते. बारीक झाल्यासारखे दिसले.

"बस," ते म्हणाले. "लई विचार केला मी. लिहून ठेवला, नाहीतर जायचा." त्यांनी खिशातून कागद काढला, वाचला आणि परत ठेवला. "शिवराजला सांगितलंस ते बरोबर होतं. तू तसं सांगितलं नसतं तर मी तुला ब्रिज शिकवला याची मला लाज वाटली असती. मला आधी सांगितलं नाय, ते चूक. दोन्ही खरं आहे. एकानं दुसरं खोडत नाय."

"सर, मला भीती वाटली. तुम्ही खेळ सोडाल म्हणून."

"सोडलाच की. पण तो मी सोडायचा होता, करुणा. तू नाय."

करुणानं कप खाली ठेवला. सर म्हणाले, "एक कबूल कर. इथून पुढं माझं काही चुकलं की मला सांगायचं. पहिल्यांदा मला."

"सांगेन सर."

शनिवारी ते गेले. करुणा पुढं नागपूरला खेळून आली. शिवराजबरोबर तिचा चौथा नंबर आला. लोकांनी कौतुक केलं.

सर रविवारी सकाळी फोन करतात. पुण्याच्या अकराव्या मजल्यावरून एखादा हात तोंडी सांगतात आणि विचारतात, उत्तर देणाऱ्याची दुसरी बोली काय? आशाबाई मागून ओरडतात, तिला सवड आहे का ते तरी विचारा. करुणा कागदावर पानं लिहून घेते. परवाच्या रविवारी त्यांनी हात सांगायला सुरुवात केली, पाच बदाम, चौकटची राणी, किलवरची दुर्री-तिर्री, आणि तिसऱ्या रंगापाशीच तिला कळलं. पेन थांबलं. उत्तर देऊन टाकणं किती सोपं होतं! पलीकडं सर उत्साहात होते.

"सर," ती म्हणाली, "हा हात तुम्ही गेल्या रविवारी विचारला होता. त्याच्या आधीच्या रविवारीही."

पलीकडं दूर कुठंतरी लिफ्टचा आवाज आला.

"व्हय?" सर म्हणाले.

"हो सर."

"बरं झालं सांगितलंस." त्यांनी श्वास घेतला. मग म्हणाले, "अन् मग? तेव्हा काय बोललीस तू?"

"पास बोलले होते."

"पास? दहा गुणांवर? लई घाबरट आहेस," सर म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून हात सांगायला लागले.